विषय : दोनशे बारा रुपये परत मिळणेबाबत

धायरी,
ता. ३ एप्रिल १९६७

सरस्वतीबाई विद्यार्थी साहाय्य निधीच्या कारकून साहेबांना धायरीहून दत्तोबा रायकर याचा रामराम.

तुमचं कार्ड पोचलं. पोस्टमनने ते देण्याआधी वाचलं आणि वाटेत भेटेल त्याला सांगितलं, त्यामुळे मजकूर मला चौथ्या माणसाकडून कळला. पुढच्या वेळी पाकिटात घालावं. वाटल्यास तिकीट मी पाठवतो.

तुम्ही लिहिता, अर्जावर वार्षिक उत्पन्न सहा हजार दाखवले आहे, निधीची मर्यादा दोन हजारांची आहे, सबब अर्ज नामंजूर. कागदावर तुमचं बरोबर आहे. पण साहेब, सहा हजार कमावणारा माणूस दोनशे बारा रुपये परत मागायला तुमच्याकडे येईल का? एवढा विचार तुम्ही करायला हवा होता.

माझी मुलगी कुसुम पुण्यात कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. आमच्या आळीतून एवढी शिकलेली ती पहिलीच. तिच्या फीसाठी मी म्हशीची पारडी विकली. तेव्हा कॉलेजातल्या मास्तरांनी सांगितलं की फी आधी भरा, गरजू असाल तर हा निधी ती मागाहून परत करतो. त्या परत येणाऱ्या पैशांवर तिचं दुसरं वर्ष आहे. वीस जूनच्या आत फी भरली नाही तर ती घरी बसेल, आणि आमच्याकडे घरी बसलेल्या मुलीला कोणी फार दिवस बसू देत नाही. गोठ्यात आता विकण्यासारखी एक म्हैस उरली आहे. ती बाजारात काढली तर आमच्या घरातून, म्हणजे सरुबाई, तिच्या शेजारी मलाही बांधील.

तरी अर्जावरचा आकडा आहे तसाच ठेवावा आणि पैसे द्यावेत. आकड्याला हात लावू नये, त्याला कारण आहे. गुरुवारी वांग्यांची पिशवी घेऊन समक्ष येतो.

दत्तोबा रायकर


कसबा पेठ, पुणे
जा. क्र. ४१, ता. ७ एप्रिल १९६७

श्री. दत्तोबा रायकर यांस,

आपले उत्पन्न सहा हजार असेल तर अभिनंदन. नसेल तर खरे काय ते लिहावे. दोन्ही एकाच वेळी असू शकत नाही.

आपण काल आलात. दार उघडले नाही याचे वाईट वाटून घेऊ नये; ते कोणालाच उघडत नाही. निधीचा सर्व व्यवहार पत्राने होतो. समक्ष आलेला माणूस रडतो, ओरडतो किंवा भाजी आणतो, आणि तिन्हींची नोंद करण्यास आमच्या वहीत रकाना नाही. वांगी परत पोचवतो असे सांगून आमचा शिपाई दिगंबर ती घेऊन गेला. ती आपल्याला पोचली नसावीत, असा माझा अंदाज आहे.

उत्पन्न मर्यादेच्या आत असल्यास नवा फॉर्म, तलाठ्याचा दाखला आणि स्वहस्ते लिहिलेले निवेदन १५ मेपर्यंत पाठवावे. मंजूर अर्जांची यादी जूनमध्ये निधीच्या दरवाजावर लावली जाते. तीत पालकाचे नाव, गाव आणि उत्पन्न असते (नियम ११). याला हरकत असल्यास अर्ज करू नये.

पोस्टकार्ड पाकिटापेक्षा स्वस्त पडते, म्हणून पाठवले होते.

गोपाळकृष्ण टेंबे
कारकून


धायरी,
ता. १३ एप्रिल १९६७

टेंबे साहेबांना रामराम.

वांगी पोचली नाहीत. दिगंबरला पचली असतील तर बरंच आहे.

आता सहा हजारांचं खरं सांगतो. दुसऱ्या कोणाला सांगू नका. तुम्ही कोणाशी समक्ष बोलतच नाही, म्हणून विश्वास टाकतोय.

माझा थोरला मुलगा संभाजी लग्नाचा आहे. बिबवेवाडीचे सर्जेराव त्याला मुलगी देणार असं चाललंय. त्यांच्या विहिरीवर इंजिन आहे, पेरूची बाग आहे, आणि बोलताना ते बागेकडे बोट दाखवतात, बाग समोर नसली तरी. फेब्रुवारीत ते आमचं घर बघायला आले. त्याच दिवशी चावडीवर ग्रामसेवक मच्छिंद्र तुमच्या निधीचे फॉर्म भरून देत होता. मला वाटलं, पाहुण्यांनाही कळू दे की आमची मुलगी कॉलेजात आहे. म्हणून त्यांना सोबत घेऊनच चावडीवर गेलो. सगळा घोळ त्या मोठेपणाचा.

मच्छिंद्रचा आवाज तुम्ही ऐकलेला नाही. तो कानात बोलला तरी खडकवासल्याला ऐकू जातं. नाव झालं, गाव झालं आणि त्याने विचारलं, "आबा, वर्साचं उत्पन्न किती घालू?" चावडीत वीस माणसं. सर्जेरावांनी चहाची बशी तोंडाशी नेली होती, ती तिथेच थांबली. आता तुम्हीच सांगा, मी चौदाशे चाळीस म्हणायला हवं होतं? मी म्हटलं, "सा हजार घाल." मच्छिंद्र माझ्याकडे बघत राहिला, कारण माझा सातबारा त्याला पाठ आहे. सर्जेराव म्हणाले, "आन् एवढं आसून फी परत मागताय व्हय?" मी म्हटलं, "हक्काचं का सोडा?" त्यावर ते फार खूश झाले. पैसेवाल्या माणसाला ही भाषा लगेच कळते.

घरी आल्यावर सरुबाई म्हणाली, "सा हजार हायेत तर मला एकडाव दावा तरी. लगीन झाल्यापासनं म्या बगितलं न्हाईत."

आता यादी दरवाजावर लागणार, तीत माझं नाव आणि पुढे चौदाशे चाळीस. सर्जेराव रोज मंडईत माल घेऊन येतात, आणि त्यांचा व्यापारी तुमच्याच गल्लीत राहतो. त्यांनी ती वाचली की सोयरीक मोडली. म्हणून विचार करून तोडगे काढले आहेत. कुसुमला हुशारीचं बक्षीस म्हणून दोनशे बारा रुपये द्यावेत. ती हुशार आहे, चौकशी करा. नाहीतर यादीत माझ्याऐवजी सरुबाईचं नाव घालावं. तिची गरिबीला ना नाही, ती रोज सकाळी बोलून दाखवते. तेही जमत नसेल तर यादी इंग्रजीत लावावी. सर्जेरावांना इंग्रजी येत नाही. मलाही येत नाही, त्यामुळे मलाही वाईट वाटणार नाही.

दत्तोबा


कसबा पेठ, पुणे
जा. क्र. ५३, ता. १८ एप्रिल १९६७

श्री. दत्तोबा रायकर यांस,

निधी हुशारीला पैसे देत नाही, गरजेला देतो. पुण्यात स्वतःला हुशार समजणारे इतके आहेत की बक्षिसे वाटायची म्हटली तर ज्या दागिन्यांवर हा निधी उभा आहे ते सरस्वतीबाईंचे सगळे दागिने पहिल्याच वर्षी संपले असते. सौ. सरुबाईंचे नाव घालता येत नाही, कारण अर्ज त्यांचा नाही. यादी इंग्रजीत लावली तरी आकडा तेवढाच राहतो.

एक गोष्ट नियमाबाहेर लिहितो. निधी सुरू झाला त्या वर्षी एका बंगलेवाल्या वकिलाने मुलाची फी परत नेली होती. तेव्हा सरस्वतीबाईंनी नियम ११ घातला. नाव दरवाजावर लागणार म्हटले की खोटा माणूस अर्ज करत नाही. मात्र आपल्यासारखा खरा माणूस खोटा आकडा घालील, हे त्यांच्या लक्षात आले नसावे.

ही यादी मी तेवीस वर्षे स्वतःच्या हाताने लिहितो. तिच्यापुढे उभे राहून कोणी हसल्याचे मला माहीत नाही. लोक नुसते आपले नाव शोधतात आणि जातात. गरिबी हा काही गुन्हा नाही, आणि ती लिहून देण्यात कमीपणा नाही. मुलीचे शिक्षण मोठे की आपला फेटा मोठा, ते आपण ठरवावे.

कोरा फॉर्म सोबत आहे. मुदत १५ मे. त्यानंतर आलेले पत्र मी वाचतो, अर्ज वाचत नाही.

गोपाळकृष्ण टेंबे


धायरी,
ता. ३ मे १९६७

टेंबे साहेब,

या वेळी रामराम शेवटी घालतो, उरला तर.

फेट्याचं वाक्य लागलं. ते खरं आहे म्हणून जास्त लागलं. तुमचा फॉर्म तीनदा पुढ्यात घेतला. नाव लिहितो, गाव लिहितो आणि उत्पन्नाच्या रकान्यापाशी पेन सुकतं. म्हटलं, ती यादी तरी एकदा बघून यावी. काल तुमच्या दरवाजासमोर उभा राहिलो. गेल्या वर्षीची अजून लटकते आहे. अक्षर सुरेख आहे तुमचं. गरिबी इतक्या चांगल्या अक्षरात मी पहिल्यांदा बघितली.

दिगंबर भेटला. त्याने वांग्यांबद्दल वाईट वाटल्याचं सांगितलं आणि चहा माझ्याकडूनच घेतला. चहा पोटात गेला की तो फार मोकळा माणूस आहे.

आता आमच्या कुसुमने काय सांगितलं ते ऐका. तिच्या बाकावर वासंती टेंबे नावाची मुलगी बसायची. संस्कृतात वर्गात पहिली. कुसुमला सगळ्या नोट्स तीच द्यायची, आणि एकदाही उपकार केल्यासारखं तोंड केलं नाही. जानेवारीपासून ती येईनाशी झाली. दुसऱ्या टर्मची फी भरली नाही म्हणून तिचं नाव काढलं होतं. परीक्षेत तिची जागा रिकामी होती. कुसुम म्हणाली, तिचे वडील कसब्यात कुठल्याशा निधीत नोकरीला आहेत.

मी दिगंबरला विचारलं, साहेबांना पगार किती? तो म्हणाला, दीडशे. बारा महिन्यांचे अठराशे झाले. मी सातवी पास आहे, एवढं मला जमतं. अठराशे हे दोन हजारांच्या आत येतं की नाही?

मग ती यादी मी दोनदा वाचली, वरून खाली आणि खालून वर. टेंबे नाही. यंदाच्या अर्जांतही नाही असं दिगंबर सांगतो. म्हणजे तेवीस वर्षं तुम्ही दुसऱ्यांची गरिबी लिहिलीत, आणि स्वतःची लिहायची वेळ आली तेव्हा तुमचंही पेन सुकलं. मी निदान वीस माणसांपुढे तोंड उघडून खोटं बोललो. तुम्ही गप्प बसून बोललात. माझा फेटा डोक्यावर दिसतो आणि तुमचा दिसत नाही, एवढाच आपल्यात फरक. वर मलाच शिकवता की लिहून देण्यात कमीपणा नाही!

माझी मुलगी अजून घरी बसलेली नाही. तुमची बसली.

रामराम उरला नाही.

दत्तोबा


कसबा पेठ, पुणे
जा. क्र. ६०, ता. ५ मे १९६७

श्री. दत्तोबा रायकर यांस,

आपले ता. ३ चे पत्र मिळाले. निधीच्या कर्मचाऱ्यांच्या घरगुती बाबी हा पत्रव्यवहाराचा विषय नाही. शिपायास ताकीद दिली आहे.

निधीत नोकरी करणाऱ्याने निधीचेच पैसे घेणे बरे दिसत नाही. हे आपल्याला समजेल अशी अपेक्षा नाही.

मुदत १५ मे.

गो. टेंबे


धायरी,
ता. १२ मे १९६७

टेंबे साहेबांना रामराम. मागच्या वेळचा राहिलेला आणि आजचा, असे दोन.

तुम्ही लिहिलं, बरे दिसत नाही. नियमात बसत नाही असं लिहिलं नाहीत. म्हणजे तसा नियम नसणार. असता तर तुम्ही त्याचा नंबर घातला असता.

मी मंगळवारी बिबवेवाडीला गेलो. म्हटलं, सर्जेरावांना दरवाजावर वाचून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं. पाणी आलं, चहा आला. चहाआधीच सांगून टाकलं, म्हणजे नंतर त्यांना चहा फुकट गेल्यासारखं वाटायला नको. म्हटलं, "पाव्हणं, त्ये सा हजार खोटं. चौदाशे चाळीस हायेत, आन् त्ये बी पाऊस झाला तर." त्यांनी मान इंजिनाकडे वळवली. मग म्हणाले, "दत्तोबा, गरीब हाय म्हून न्हाय, खोटं बोल्लास म्हून मोडतो." मला वाटतं, गरीब आहे म्हणूनच मोडलं. पण तसं म्हणणं बरं दिसत नाही, हे त्यांनाही तुमच्यासारखंच समजतं.

संभाजी दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी जे बोलला ते पाकिटात घालून पाठवलं तरी पोस्टखातं घेणार नाही. त्याचं बरोबर आहे. पोराची सोयरीक मी तोंडाने जोडली आणि तोंडानेच मोडली. त्याला मुलगी आवडली होती. मला फार वाईट वाटतंय, साहेब, आणि ते घरात कोणाला सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहितोय. सरुबाईने माझ्याऐवजी कुसुमला गाठलं. तिला म्हणाली, "तू शिक गं. ह्या घरात एकाला तरी खरी बेरीज येऊ दे."

तलाठ्याचा दाखला जोडला आहे. निवेदनात लिहिलं आहे की माझे वर्षाचे उत्पन्न चौदाशे चाळीस आहे, आणि आधी लिहिलेले सहा हजार माझ्या मनातले होते. याहून साधं मला लिहिता आलं नाही.

दिगंबरकडून मी त्या दिवशी आणखी एक फॉर्म मागून घेतला होता. तो कोराच परत पाठवतोय. तो तुमचा आहे. उत्पन्नाचा रकाना चौथा. तिथे पोचेपर्यंत काही दुखत नाही, लिहून झाल्यावरही फारसं नाही. मध्ये दुखतं.

दत्तोबा


कसबा पेठ, पुणे (घरून)
रविवार, ता. ११ जून १९६७

दत्तोबा,

नमस्कार. हे पत्र जावक वहीत घातलेलं नाही. तिकीटही माझं आहे.

कामाचं आधी. अर्ज मंजूर झाला. दोनशे बारा रुपयांची मनिऑर्डर शुक्रवारी निघाली, म्हणजे वीस तारखेच्या आत कॉलेजात फी भरता येईल. रक्कम पोस्टमनला कळेलच, तेव्हा गावालाही कळेल, त्याला माझा इलाज नाही. आमच्या कार्यवाहांनी तुमच्या निवेदनातलं "माझ्या मनातले होते" हे खोडायला सांगितलं. मी खोडलं नाही. इतक्या वर्षांत खोट्या आकड्याचा इतका खरा खुलासा आमच्याकडे आलेला नाही.

तुमच्या पत्राने मला राग आला होता. दोन दिवस मी तुम्हाला मनात उत्तरं देत होतो आणि प्रत्येक उत्तराला नियमाचा नंबर सापडत नव्हता. कोरा फॉर्म तीन दिवस टेबलावर पडून राहिला. शेवटी १५ मेला कचेरी बंद व्हायच्या आधी भरला. मध्ये दुखतं, हे तुमचं बरोबर आहे. मग तो अर्ज मीच आवक वहीत नोंदवला, मीच तपासला आणि पगाराचा दाखला जोडलेला नाही म्हणून मीच मला परत केला. दाखल्यासाठी कार्यवाहांकडे जावं लागलं, तेही समक्ष. ते म्हणाले, "टेंबे, अहो, आपण हे असं..." आणि थांबले. मी विचारलं, कितव्या नियमाने? त्यांनी नियमांचं पुस्तक दोनदा चाळलं. नंतर सही केली, पण पेन माझं वापरलं.

यादी शुक्रवारी लावली. त्रेचाळीस नावं. 'ट' 'र'च्या आधी येतो म्हणून मी तुमच्या वर आहे, राग मानू नये. लावून झाल्यावर पहिल्यांदाच बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. आमच्या गल्लीतले दोघे थांबले, वाचलं आणि हसले. एकजण तर दुसऱ्याला बोटाने दाखवत होता. कोणी हसल्याचं माहीत नाही असं मी तुम्हाला लिहिलं होतं. मी आत बसून लिहीत होतो, मला कुठून माहीत असणार? तरी मी तिथे तसाच उभा राहिलो. ते हसून गेले आणि मी घरी आलो. त्यापेक्षा जास्त काही झालं नाही.

मला परत मिळाले ते एकशे सहा. वासंतीची पहिल्या टर्मची फी तेवढीच भरली होती. दुसऱ्या टर्मची भरलीच नव्हती, तेव्हा परत मिळायला काही नव्हतं. पहिल्या टर्मपुरता अर्ज जुलैतही घेतात; मी फॉर्म गेल्या जुलैत दिला असता, तर हेच एकशे सहा दिवाळीला परत आले असते आणि त्यांतूनच दुसरी टर्म भरली गेली असती. हा हिशोब मी दरवर्षी शंभर पालकांना पत्राने समजावतो. आता त्या पैशांतून ती पुन्हा पहिल्या वर्षाला बसेल. कुसुम दुसऱ्या वर्षाला गेलेली असेल. तिला सांगा, जुन्या नोट्स टाकू नको.

आणि आता जे लिहायला हे पत्र घेतलं ते. जानेवारीत वासंतीने मला विचारलं होतं, "दादा, तुमच्या निधीतून काही नाही का होणार?" मी तिला सांगितलं, यंदा निधीत पैसे शिल्लक नाहीत. तिने लगेच मान्य केलं. निधीबद्दल मी सांगेन ते खरं, असं ती लहानपणापासून धरून चालली आहे. तेव्हा निधीत साडेचार हजार शिल्लक होते.

काल ती मंडईतून येताना यादी वाचून आली. त्रेचाळीस नावं, सगळी गेल्या वर्षाच्या फीची, म्हणजे निधीत पैसे होते, हे न कळण्याइतकी ती साधी नाही. घरात येऊन तिने भाजी ठेवली आणि निवडायला बसली. तुमच्या संभाजीसारखी बोलली असती तर बरं झालं असतं.

मी तिच्याशी खोटं बोललो आणि तिचं एक वर्ष घालवलं. सगळं आयुष्य मी कागदावर व्यवहार केला, म्हणून हे वाक्यही आधी तुम्हाला लिहून पाहिलं. जमतंय असं वाटतं. ती पलीकडे ताटं मांडते आहे. आता उठतो आणि तिला तोंडाने सांगतो.

तुमचा,
गोपाळकृष्ण